चिंच शेवटी : नगरच्या दालच्याचे पाकशास्त्र

डाळ आणि मटण हे दोन्ही पदार्थ स्वतंत्रपणे शिजवणे मराठी स्वयंपाकघराला अवघड नाही. परंतु दोन्ही एकाच रश्श्यात आणायचे आणि डाळ गुळगुळीत, मटण मऊ पण न तुटणारे, चव आंबट-तिखट आणि तेल रश्श्यात मुरलेले असे सगळे एकाच वेळी साधायचे म्हटले, की कोणता जिन्नस कधी पडतो याला प्रमाणाइतकेच महत्त्व येते. दालचा हा असा पदार्थ आहे. बोकडाचे मटण, हरभऱ्याची किंवा तुरीची डाळ, दुधी भोपळा आणि चिंचेचा कोळ यांचा हा घट्टसर रस्सा असून, वरून लसूण, सुकी मिरची आणि कढीपत्ता यांचा बघार, म्हणजे कडकडीत फोडणी, दिली जाते. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील मुस्लीम कुटुंबांत, तसेच शेजारच्या मराठवाड्यात आणि सोलापुरापासून हैदराबादपर्यंतच्या दख्खनी पट्ट्यात तो घरीही होतो आणि लग्नाच्या पंगतीतही वाढला जातो. सोबत बहुधा ‘खाना’ असतो, म्हणजे खडा मसाला आणि तळलेला कांदा घालून शिजवलेला भात.

या पदार्थाचा उगम सांगताना राजवाडे आणि शाही मुदपाकखाने यांच्याकडे बोट दाखवण्याची सवय आहे, पण नगर जिल्ह्यापुरते पाहिले तर जमिनीकडे आधी पाहावे लागते. सह्याद्रीला लागून असलेला अकोले तालुक्याचा पश्चिम भाग वगळला, तर जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत मोडतो. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पाऊस कमी आणि लहरी असतो. अशा कोरडवाहू जमिनीत ज्वारी-बाजरीच्या जोडीने तूर, हरभरा, मूग, मटकी आणि हुलगा ही कडधान्ये टिकून राहिली, कारण त्यांना पाणी कमी लागते आणि त्यांच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेले ‘विजय’, ‘विशाल’ आणि ‘दिग्विजय’ हे हरभऱ्याचे वाण याच कोरडवाहू गरजेतून पुढे आले. शेळीचेही तसेच आहे. बोरी-बाभळीच्या पाल्यावर आणि कापणी झालेल्या रानात चरून जगणारे हे जनावर दुष्काळी भागाला परवडते, आणि संगमनेरी ही दूध व मांस दोन्हींसाठी पाळली जाणारी मान्यताप्राप्त जात याच जिल्ह्यातील तालुक्याच्या नावाने ओळखली जाते. काष्टी आणि घोडेगाव येथील जनावरांचे बाजार जिल्ह्याबाहेरही प्रसिद्ध आहेत.

डाळ आणि शेळी यांचा हा सहवास फार जुना आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेले दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ १९५८ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आले, १९७४ मध्ये तेथे सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्या कांस्यमूर्तींमुळे ते जगभर गाजले; मात्र स्वयंपाकाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्या मूर्तींहून मोलाचे आहेत ते तेथील उत्खननात मिळालेले जळके दाणे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जवाबरोबर मसूर आणि वाटाणा यांचे अवशेष आढळले, आणि त्या काळातील दख्खनच्या वसाहती गुरांबरोबर शेळ्या-मेंढ्याही पाळत होत्या. तेव्हाच्या मातीच्या मडक्यात दालचा शिजत होता असे यावरून म्हणता येत नाही. परंतु त्याचे दोन मुख्य जिन्नस एका चुलीजवळ आणायला कोणा सुलतानाची गरज नव्हती, एवढे नक्की म्हणता येते.

सुलतानांनी भर घातली ती तंत्राची आणि चवीची. अहमद निजामशहाने १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून वेगळे होऊन स्वतंत्र राज्य स्थापन केले आणि त्यानंतर लवकरच भिंगारजवळ आपल्या नावाचे नगर वसवले. १६३६ मध्ये निजामशाही बुडेपर्यंत या राज्यात इराणहून आलेले विद्वान व सरदार, मलिक अंबरासारखे हबशी, स्थानिक दख्खनी मुसलमान आणि मराठा घराणी एकत्र नांदली. इराणी विद्वान शाह ताहिर याच्या प्रभावाखाली बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला, यावरून इराणशी असलेला संबंध किती निकटचा होता ते कळते. इराणी स्वयंपाकात मांस आणि फोडलेले वाटाणे एकत्र शिजवून आंबट करण्याची रीत आजही रूढ आहे. त्यांच्या ‘घेयमे’ नावाच्या रश्श्यात आंबटपणासाठी वाळवलेली लिंबे पडतात. दख्खनमध्ये त्या लिंबांची जागा चिंचेने घेतली, वाटाण्याची जागा हरभऱ्याच्या आणि तुरीच्या डाळीने घेतली, आणि पोर्तुगीजांमार्फत आलेली मिरची रुळल्यावर तिखटपणाही बदलला. पारशी समाजाचे धनसाक, हैदराबादचे हलीम आणि मलेशियात बिर्याणीसोबत मिळणारा ‘दालचा’ हे सर्व याच विस्तृत कुळातले आहेत. फरक असा, की हलीममध्ये मांस आणि धान्य घोटून एकजीव केले जाते, तर दालच्यात डाळ घोटली जाते आणि मटणाचे तुकडे अखंड राहतात.

जिल्ह्यातील मराठा, धनगर आणि इतर मांसाहारी घरांत दालचा रोजचा नसला, तरी मटणाच्या रश्श्याला डाळीची जोड देण्याची कल्पना त्यांनाही परकी नाही. नगर, बीड आणि धाराशिव या पट्ट्यात ‘येसर’ नावाचे पीठ वर्षभरासाठी करून ठेवतात. त्यात बाजरी, ज्वारी किंवा गहू, हरभऱ्याची डाळ, धणे आणि गरम मसाला भाजून दळलेला असतो, आणि आमटीला किंवा मटणाच्या रश्श्याला दाटपणा आणण्यासाठी ते पाण्यात कालवून सोडले जाते. पंगतीच्या येसर-आमटीचा आणि दालच्याचा हेतू मुळात एकच आहे: मोजक्या महाग जिन्नसाचा स्वाद पुष्कळ ताटांपर्यंत पोहोचवणे. ५०० ग्रॅम मटणाचा नुसता सुका पदार्थ केला तर तो ३–४ माणसांना पुरतो. त्यातच २०० ग्रॅम डाळ आणि एक लहान दुधी घातला, तर ६ माणसे पोटभर जेवतात आणि कोणालाही मटण कमी पडल्यासारखे वाटत नाही. याला काटकसर म्हणावे, पण कमीपणा म्हणू नये, कारण डाळीमुळे रश्श्याला जे अंग येते ते दुप्पट मटण घालूनही येत नाही.

आता शिजण्याकडे वळू. डाळीचा दाणा म्हणजे स्टार्च आणि प्रथिने भरलेल्या असंख्य पेशींची रचना असून, या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. फळांचा जॅम घट्ट होतो तोही याच पेक्टिनमुळे. डाळ शिजते म्हणजे दोन गोष्टी घडतात: पेशींतील स्टार्च पाणी शोषून फुगतो, आणि पेशींमधले पेक्टिन विरघळून त्या एकमेकींपासून सुटतात. दुसरी गोष्ट घडली नाही, तर दाणा आतून शिजूनही बोटांत दाबल्यावर कचकचीत लागतो. पेक्टिन विरघळू न देणारे दोन घटक स्वयंपाकघरात नेहमी हजर असतात. एक म्हणजे पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम, जे पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींत जखडून टाकतात. दुसरा म्हणजे आम्ल, मग ते चिंचेचे असो, टोमॅटोचे असो वा दह्याचे.

यातला पहिला घटक नगर जिल्ह्यात विशेष जाणवतो. येथील जमिनीखाली दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, आहे. त्याच्या भेगांतून झिरपणारे विहिरींचे आणि विंधन विहिरींचे पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते आणि जड होते. ज्या घरात पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, त्या घरात डाळ उशिरा शिजते, आणि या दोन्हींचे कारण एकच आहे. धरणातून येणारे पाणी सहसा कमी जड असते. म्हणून मुळा धरणाचे पाणी मिळणाऱ्या नगर शहरात आणि बोअरच्या पाण्यावर असलेल्या खेड्यात एकाच पोत्यातील डाळ वेगवेगळ्या वेळात शिजू शकते, आणि दोष मात्र दुकानदाराच्या माथी मारला जातो. यावर सोपा उपाय असा, की पाणी आधी १० मिनिटे खळखळ उकळून निवू द्यावे, क्षारांचा काही भाग तळाशी बसला की वरचे पाणी निथळून घ्यावे आणि डाळ त्यात भिजवून त्यातच शिजवावी. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यानेही पेक्टिन लवकर विरघळते, पण त्याने डाळीतील ब१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि रश्श्याला साबणासारखी चव येण्याचा धोका असतो. त्यामुळे सोडा हा शेवटचा पर्याय समजावा.

डाळीचे वयही पाहावे लागते. उष्ण आणि दमट जागी दीर्घकाळ साठवलेल्या कडधान्यांत फायटेट नावाच्या घटकाचे विघटन होऊन त्याने धरून ठेवलेले कॅल्शियम मोकळे होते आणि ते पेक्टिनला जाऊन बिलगते. अशी जुनी डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी पूर्णपणे मऊ होत नाही. मिठाबद्दल मात्र एक रूढ समज सोडून द्यायला हवा. मीठ घातल्यास डाळ शिजत नाही असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात मिठातील सोडियम पेक्टिनमधल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या अख्ख्या कडधान्यांची साले उलट लवकर मऊ होतात. फोडलेल्या, सालरहित डाळीत हा फरक लहान असतो, पण मिठाला घाबरण्याचे कारण नाही.

मटणाची गोष्ट निराळी आहे. स्नायूंच्या तंतूंभोवती कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाची आवरणे असतात. जनावर जितके वयाने मोठे आणि जितके चालणारे-चढणारे, तितके हे कोलॅजन अधिक घट्ट विणलेले असते. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पुढे, पाण्याच्या सान्निध्यात आणि पुरेसा वेळ मिळाल्यास, ते विरघळून जिलेटिन बनते. रश्श्याला जो चिकट, ओठांना लागणारा गुळगुळीतपणा येतो तो या जिलेटिनचा. त्याच उष्णतेत तंतूंमधील इतर प्रथिने आकसतात आणि रस बाहेर ढकलतात. म्हणून मोठ्या आचेवर भराभर उकळलेले मटण आधी कडक होते आणि नंतर कोरडे. मंद आचेवर तास-सव्वातास ठेवलेले मटण मात्र रस गमावूनही मऊ लागते, कारण गेलेल्या रसाची जागा जिलेटिनने भरून निघते. या कारणाने दालच्यासाठी केवळ मांडीचे गुबगुबीत तुकडे घेणे ही चूक ठरते. खांदा, मान, छातीची चाप आणि नळी, म्हणजे मगज असलेले लांब हाड, यांत कोलॅजन भरपूर असते आणि रश्श्याला खरी चव तेच देतात; खाटकाकडे ‘हाडासकट, रश्श्याचे’ असे सांगितले की काम होते. कापल्यानंतर काही तासांनी मांस ताठरते, या अवस्थेत शिजवलेले मटण चिवट होते. त्यामुळे ते आणल्याबरोबर चुलीवर चढवावे, नाहीतर एक रात्र फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी घ्यावे.

दालच्याचे सगळे तंत्र आम्लाच्या दुहेरी वागणुकीत आहे. आम्ल कोलॅजनला फुगवते आणि मटण लवकर मऊ होण्यास मदत करते, म्हणून मटणाला दही लावून ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. पण तेच आम्ल डाळीचे पेक्टिन घट्ट धरून ठेवते. डाळ, मटण आणि चिंच एकदम कुकरमध्ये टाकल्यास मटण उतरते आणि डाळ तशीच राहते, मग डाळीसाठी आणखी शिट्ट्या द्याव्या आणि मटण हाडावरून सुटून जावे, असा प्रकार घडतो. जुन्या जाणत्या स्वयंपाकिणींनी यावर जो तोडगा काढला तो रसायनशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरणारा आहे: डाळ वेगळी शिजवून घोटावी, मटण वेगळे परतून शिजवावे, दोन्ही तयार झाल्यावर एकत्र करावे आणि चिंच सर्वांत शेवटी घालावी.

सहा माणसांसाठी प्रमाण असे धरता येते. मटण ५०० ग्रॅम; हरभऱ्याची डाळ १५० ग्रॅम आणि तुरीची ५० ग्रॅम; कोवळा दुधी २५० ग्रॅम; मध्यम कांदे ३; आले-लसणाचे वाटण २ मोठे चमचे; लिंबाएवढी चिंच, म्हणजे सुमारे २५ ते ३० ग्रॅम; हळद अर्धा छोटा चमचा, लाल तिखट २ आणि धणेपूड २ छोटे चमचे; शहाजिरे, दालचिनीचा तुकडा, ४ लवंगा, ३ वेलदोडे; तेल ४ मोठे चमचे; मीठ, कोथिंबीर आणि थोडा पुदिना. केवळ हरभऱ्याची डाळ घेतली तर रस्सा दाणेदार राहतो, केवळ तुरीची घेतली तर तो वरणाकडे झुकतो. दोन्हींचे मिश्रण हा मधला आणि चांगला मार्ग आहे. काही घरांत तुरीऐवजी मसूर घालतात, ती लवकर विरघळते आणि रंगाला थोडी तांबूस छटा देते.

हरभऱ्याची डाळ तासभर भिजवून, तुरीच्या डाळीसह, हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवावी. तेलामुळे डाळीतील सॅपोनिन व प्रथिनांचा फेस कमी येतो आणि कुकरची शिट्टी तुंबत नाही. शिजलेल्या डाळीचा दोन-तृतीयांश भाग रवीने घोटावा आणि उरलेले दाणे तसेच ठेवावेत, म्हणजे घास घेताना डाळ जाणवते. दुसरीकडे जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून खडा मसाला आणि उभा चिरलेला कांदा टाकावा, कांदा तांबूस होईपर्यंत धीराने परतावा, मग आले-लसूण आणि त्यापाठोपाठ मटण घालावे. मटणाचे सुटलेले पाणी आटून तेल दिसू लागेपर्यंत परतणे हा घाईत वगळला जाणारा आणि म्हणूनच वारंवार चुकणारा टप्पा आहे: भांड्यात पाणी असेपर्यंत तापमान उकळबिंदूच्या वर जात नाही, आणि मांसाला भाजल्याचा खमंगपणा येण्यासाठी लागणारी प्रथिने व शर्करा यांची अभिक्रिया त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला वेगाने होते. तिखट, धणेपूड आणि मीठ घालून मिनिटभर हलवल्यावर, मटण बुडेल एवढे गरम पाणी ओतावे आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे.

नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात किनारपट्टीपेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते आणि कोवळे मटण तास-सव्वातासाऐवजी २० ते २५ मिनिटांत तयार होते. त्यातून चव फारशी कमी होत नाही, मात्र शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून मिनिटे मोजणे अधिक भरवशाचे, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या अंतराने वाजते.

मटण नखाने तुटू लागले की त्यात डाळ ओतावी, लागेल तसे गरम पाणी घालावे आणि दुधीच्या जाड फोडी टाकाव्यात. दुधी चिरताना एक खबरदारी कधीही टाळू नये: त्याचा लहान कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि तो कडू लागला तर थुंकून संपूर्ण दुधी टाकून द्यावा. काही दुधींत कुकर्बिटासिन नावाचे कडू विष वाढलेले असते, शिजवल्याने ते जात नाही, आणि त्यामुळे उलट्या-जुलाबांपासून जिवावर बेतण्यापर्यंत प्रकार घडलेले आहेत. चिंच-तिखटाच्या रश्श्यात कडूपणा लपू शकतो, म्हणून कच्चा तुकडा चाखणेच सुरक्षित.

दुधी मऊ झाल्यावर, साधारण १५ मिनिटांनी, चिंचेचा कोळ घालावा आणि आणखी ८–१० मिनिटे मंद उकळावे. या काळात एक पाहण्यासारखा बदल घडतो. नुसत्या मटणाच्या रश्श्यावर लाल तर्री तरंगते. दालच्यात मात्र घोटलेल्या डाळीची प्रथिने आणि स्टार्च तेलाच्या बारीक थेंबांना धरून ठेवतात, आणि तेल वेगळे न राहता रश्श्यात मिसळून जाते. म्हणूनच दालच्यात तेल जास्त ओतण्याचा काही उपयोग नसतो. शेवटचा बघार मात्र स्वतंत्र छोट्या कढईत द्यावा: ठेचलेला लसूण, सुक्या मिरच्या, जिरे आणि भरपूर कढीपत्ता तेलात तडतडवून तो दालच्यावर ओतावा आणि लगेच झाकण ठेवावे. कढीपत्ता आणि लसणाचे सुगंधी घटक तेलात विरघळणारे पण उष्णतेने झटकन उडून जाणारे असतात; ते सुरुवातीला घातले तर दीड तासाच्या शिजण्यात त्यांचे काही उरत नाही.

पोषणाच्या दृष्टीनेही ही जोडी जमणारी आहे. कडधान्यांच्या प्रथिनांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, मटण ते पुरवते. डाळीतील लोह शरीराला सहज शोषता येत नाही, परंतु त्याच जेवणात मांस असल्यास ते शोषण वाढते, आणि वरून लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्व त्याला आणखी हातभार लावते. मटणात अजिबात नसलेला तंतुमय भाग डाळ आणि दुधी देतात. रक्तक्षय आढळणाऱ्या घरांत थोडे मटण आणि पुष्कळ डाळ असा पदार्थ आठवड्यातून एकदा होणे, हे महिन्यातून एकदा भरपूर मटण खाण्यापेक्षा शहाणपणाचे आहे.

उरलेला दालचा दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागतो, हा अनुभव खरा आहे, कारण मसाले व आंबटपणा तोवर डाळीत आणि मटणात मुरतात. पण तो ठेवण्याची रीत बिनचूक हवी. डाळ-मटणाचा दाट रस्सा मोठ्या भांड्यात अनेक तास कोमट राहतो, आणि उकळूनही न मेलेले काही जिवाणूंचे बीजाणू याच कोमटपणात झपाट्याने वाढतात; पंगतीनंतर डेगेत रात्रभर राहिलेल्या मांसाहारी पदार्थांतून होणाऱ्या विषबाधांमागे हे एक ठरलेले कारण असते. म्हणून उरलेला दालचा दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी तो थिजल्यासारखा घट्ट झालेला दिसेल, कारण जिलेटिन गोठलेले असते आणि स्टार्चही पुन्हा आवळून आलेला असतो. त्यात गरम पाणी घालून, तळापासून हलवत, मधोमध बुडबुडे येईपर्यंत खळखळून उकळावा, आणि मग ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर घ्यावा.